उन्हाळे येथील ऊन पाण्याचा झरा व राजापूरचा परिसर
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी परिसरपाठ)

पाठ्यपुस्तकातील पाठ साऱ्या राज्यातील मुलांसाठी लिहिलेला असतो. त्यात झऱ्याचे चित्र असते, किल्ल्याचे चित्र असते. परंतु तो झरा कोठला व तो किल्ला कोणाचा, हे मुलास विचारल्यास ते बहुधा पुस्तकाकडे बोट दाखविते. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील शिक्षकांना ही अडचण पडण्याचे कारण नाही. राजापूर शहरापासून सुमारे ३ किलोमीटरवर असलेल्या उन्हाळे या गावी बारमाही ऊन पाण्याचा झरा आहे. त्याच गावच्या टेकडीवर अधूनमधून प्रकट होणारी व पुन्हा लुप्त होणारी 'राजापूरची गंगा' आहे. शहरात इंग्रजांच्या वखारीची जागा आहे, मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वराचे देवालय आहे आणि तालुक्याच्या सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. विज्ञान, भूगोल आणि इतिहास हे तिन्ही विषय एका दिवसाच्या चालीत सापडावेत, अशी स्थळे फार नाहीत.

मात्र अशा स्थळी मुलांना नेऊन आणले म्हणजे पाठ झाला असे नव्हे. सहलीहून परतलेल्या मुलांच्या वह्या पाहिल्या तर 'आम्ही कुंड पाहिले, पाणी गरम होते, नंतर आम्ही डबे खाल्ले' एवढाच मजकूर पुष्कळदा आढळतो. त्यात मुलांचा दोष नाही. काय पाहावयाचे हे त्यांना सांगितलेले नसते. म्हणून सहलीपूर्वी प्रत्येक मुलाच्या वहीत एका पानावर तीन रकाने आखून घ्यावेत. पहिल्या रकान्यास 'पाहिले', दुसऱ्यास 'ऐकले' आणि तिसऱ्यास 'लिहिलेले आढळले' अशी नावे द्यावीत. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी, हाताने किंवा उपकरणाने जे जाणले ते पहिल्यात; आजीने, पुजाऱ्याने किंवा गावकऱ्याने जे सांगितले ते दुसऱ्यात; आणि पुस्तकात, शिलालेखात अथवा जुन्या कागदात जे आहे ते तिसऱ्यात. या पाठाची सारी मांडणी या तीन रकान्यांवर आधारलेली आहे.

दुसऱ्या रकान्यासंबंधी एक सूचना प्रथमच करावयास हवी. झऱ्याविषयी व गंगेविषयी गावात श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची थट्टा वर्गात केली, तर मूल एक तर घरी बोलावयाचे थांबते, नाही तर शाळेत. दोन्ही प्रकारे शिक्षण खुंटते. उलट, 'आपल्या ग्रंथांत असेच आहे' एवढे सांगून शिक्षकाने प्रश्न मिटविला, तर पहिला रकाना रिकामा राहतो. ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणून आदराने नोंदवावी आणि पाहिलेली गोष्ट पाहिलेली म्हणून. दोहोंची सरमिसळ होऊ न देणे एवढेच शिक्षकाचे काम आहे, व ते दिसते तितके सोपे नाही.

नावापासून आरंभ

पाठाचा आरंभ गावाच्या नावापासून करावा. 'उन्हाळे' हे नाव ऐकताच मुलांना उन्हाळ्याची सुटी आठवते. संस्कृत 'उष्ण' या शब्दाचे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि त्यावरून मराठीत 'ऊन' व 'उन्हाळा' हे शब्द आले, हे सांगावे. 'ऊन पाणी', 'ऊन ऊन भात' हे प्रयोग मुलांच्या घरी चालू असतातच. कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यालाच 'उन्हाळे' म्हणण्याची रीत होती; तेव्हा गावाचे नाव झऱ्यावरून पडले हे उघड आहे. मग नकाशा समोर घेऊन अशीच आणखी नावे मुलांकडून शोधवावीत. रत्नागिरी जिल्ह्यातच उन्हवरे आहे, रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आहे. सह्याद्री ओलांडून गेल्यास जळगाव जिल्ह्यात उनपदेव व नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे. या सर्व ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. शास्त्रज्ञ येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्या झऱ्यांची यादी भाषेत करून ठेवली होती, ही गोष्ट मुलांना फार आवडते असा अनुभव आहे.

त्यानंतर कोकणच्या नकाशावर ऊन पाण्याची ठिकाणे टाचण्यांनी दाखवावीत : पालघर-ठाण्याच्या बाजूस सातिवली, गणेशपुरी, अकलोली, मग उन्हेरे, उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ व राजवाडी, आणि दक्षिणेस उन्हाळे. या टाचण्यांना दोरा बांधल्यास तो समुद्रकिनारा आणि सह्याद्री यांच्या मधून, दोहोंना जवळजवळ समांतर असा जातो. झरे वाटेल तेथे फुटलेले नाहीत, ते एका पट्ट्यात आहेत. त्याअर्थी जमिनीखाली त्या पट्ट्यात खडकांना खोल भेगा असल्या पाहिजेत, हे अनुमान सातवीची मुले स्वतः काढू शकतात. ते त्यांनाच काढू द्यावे.

झऱ्याजवळ

उन्हाळे येथे झऱ्याचे पाणी गोमुखातून पडते व कुंडात साठते. जवळच महालक्ष्मीचे देवालय आहे. मुले पोहोचताच पाण्यात हात घालतील, घालू द्यावेत. त्यानंतर एका वेळी चार मुले घेऊन मोजमापास लागावे.

उष्णता मोजण्यासाठी शाळेच्या विज्ञानपेटीतील, १०० अंशांपर्यंत खुणा असलेला तापमापक न्यावा. ताप पाहण्याचा, घरी असतो तो तापमापक नेऊ नये. त्याच्या खुणा ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास संपतात आणि येथील पाणी साधारण त्याच मर्यादेत, म्हणजे ४० ते ४३ अंशांच्या दरम्यान असते. माप कुंडात न घेता गोमुखाच्या धारेत घ्यावे, कारण साठलेले पाणी वाऱ्याने निवते. शक्य असल्यास जवळपासच्या विहिरीचे पाणीही त्याच दिवशी मोजावे. ज्या शाळा जवळ आहेत त्यांनी डिसेंबरात एकदा व मे महिन्यात एकदा अशी दोन मापे घ्यावीत. गावात 'थंडीत झरा जास्त तापतो' असे ऐकावयास मिळते. हे वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहून घ्यावे आणि तापमापकाचा आकडा पहिल्यात. दोन आकड्यांत फारसे अंतर आढळणार नाही. मग वर्गात तीन तपेली ठेवावीत : एकात गार, एकात सोसवेल इतके ऊन आणि मधल्यात कोमट पाणी. एक हात गार पाण्यात व दुसरा ऊन पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडविले, की एकाच पाण्याविषयी दोन हात दोन साक्षी देतात. झरा बदलत नाही, आपला हात बदलतो, हे तेव्हा समजते. सांगणारी आजी खोटे बोलत नव्हती, हेही त्याच वेळी समजते.

धार मोजण्यास बादली व घड्याळ पुरे. समजा, १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली. तर मिनिटास ३० लिटर, तासास १८०० लिटर व दिवसास ४३,२०० लिटर पाणी झाले. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत; आपल्या झऱ्याचे आकडे मुलांनी स्वतः काढावेत आणि माणशी रोज ४० लिटर पाणी धरल्यास ते किती माणसांना पुरेल, हे गणित घालावे. व्यवहारी अपूर्णांकांचा व भागाकाराचा सराव यासारखा दुसरा नाही.

'खनिज पाणी' म्हणजे काय, हे दाखविण्यासाठी झऱ्याचे, विहिरीचे व पावसाचे असे तीन प्रकारचे पाणी स्वच्छ बाटल्यांतून आणावे. सारख्या मापाने ते तीन स्टीलच्या ताटल्यांत घेऊन मंद आचेवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली आटवावे. पावसाचे पाणी आटले की ताटली जवळजवळ कोरी राहते; बाकीच्या दोहोंत पांढुरका थर दिसतो. खडकातून वाहताना पाण्याने जे विरघळवून घेतले ते हे. घरी पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोही याच जातीचा.

पाणी का तापते

या प्रश्नाला दहापैकी आठ ठिकाणी 'जमिनीत गंधक आहे म्हणून' असे उत्तर मिळते. शिक्षकही ते देताना आढळतात, आणि जुन्या प्रवासवर्णनांतून तेच उतरत आलेले आहे. हे उत्तर बरोबर नाही. गंधकाचा खडा पाण्यात टाकून ठेवल्यास पाणी तापत नाही, हे वर्गात करून दाखविता येते. काही झऱ्यांच्या पाण्याला जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाण्याच्या उष्णतेशी त्याचा कार्यकारणसंबंध नाही. दुसरे उत्तर 'खाली ज्वालामुखी आहे' असे मिळते. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा आहे हे खरे. परंतु तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि तो केव्हाच निवला आहे. आज कोकणाखाली जागृत ज्वालामुखी नाही.

खरे कारण याहून साधे आहे. पृथ्वीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअस. ही उष्णता काही अंशी पृथ्वीच्या जन्मकाळापासूनची व काही अंशी खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांपासून सतत निर्माण होणारी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील थोडे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील तप्त खडकाच्या सहवासाने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून, दाबाने वर ढकलले जाऊन, झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. या फेऱ्याला कित्येक वर्षे लागतात. मुलांनी आज हातावर घेतलेले पाणी त्यांच्या जन्मापूर्वीच्या एखाद्या पावसाळ्यातले असू शकते.

येथे एक गणित अवश्य घालावे. झऱ्याचे पाणी ४२ अंश, भूपृष्ठाजवळची वर्षाची सरासरी उष्णता सुमारे २७ अंश. फरक १५ अंश. किलोमीटरला ३० अंश धरल्यास पाणी निदान अर्धा किलोमीटर आणि २५ अंश धरल्यास ६०० मीटर खोल जाऊन आले असले पाहिजे. वर येताना ते थोडे निवले असणार, म्हणून प्रत्यक्ष खोली याहून अधिकच. दोरीने विहिरीची खोली मोजणाऱ्या मुलाला केवळ तापमापकाने अर्ध्या किलोमीटरचा ठाव लागतो, याचे त्याला जे नवल वाटेल ते वाटू द्यावे. उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. तेच गणित तेथे काय सांगते, हे स्वाध्यायासाठी ठेवावे.

या पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात असा समज आहे व त्यासाठी लोक दूरवरून येतात. ऊन पाण्याने अंग मोकळे होते, सांध्यांना आराम वाटतो, हे कोणीही सांगेल. परंतु त्वचेचे संसर्गजन्य विकार असलेली माणसे ज्या कुंडात उतरतात, तेच पाणी दुसऱ्याला विकार देऊही शकते. ४२ अंशांच्या उष्णतेने जंतू मरत नाहीत. म्हणून मुलांनी कुंडात बुडी मारू नये, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये, अंगावर जखम असल्यास धारेखालीच हातपाय धुवावेत आणि खरूज-नायटा झालेल्या मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. ही सूचना सहलीपुरती नसून पालकसभेतही सांगण्याजोगी आहे.

गंगा

झऱ्यापासून टेकडीवर गेल्यास गंगेचे स्थान लागते. वडाच्या मुळाशी मूळ गंगा आणि आवारात इतर कुंडे, मिळून चौदा कुंडे आहेत. बहुतेकांना पवित्र नद्यांची नावे दिलेली आहेत. एरवी ती कोरडी असतात. मग एके दिवशी, पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात गावच्या विहिरी तळाला गेल्या असता, मूळ गंगेतून पाणी येऊ लागते, कुंडे भरतात, काही आठवडे अथवा महिने वाहतात आणि पुन्हा आटतात. गंगा साधारणतः तीन वर्षांनी येते असे परंपरेने सांगितले जाते. परंतु अलीकडच्या दशकांत हा क्रम राहिलेला नाही व ती अधिक लवकर लवकर आल्याचे दिसते.

तीर्थयात्रेला जाणे वार्धक्यामुळे अशक्य झालेल्या एका भाविक शेतकऱ्यासाठी गंगाच त्याच्या शेतात आली, अशी येथील आख्यायिका आहे. ती मुलांनी गावातील वृद्धांच्या तोंडून ऐकावी आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत, नावानिशी, दुसऱ्या रकान्यात लिहावी. दोन वृद्धांनी ती निरनिराळ्या तऱ्हेने सांगितल्यास दोन्ही लिहाव्यात. काशीप्रयाग ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्या कोकणी माणसाने आपल्या दारच्या कुंडांना नद्यांची नावे दिली, यात त्याची आस दिसते. ती कथेतून कळते, तापमापकातून कळत नाही.

गंगेचे येणे-जाणे कसे घडत असावे, याचे एक अनुमान वक्रनलिकेचे आहे. ते समजावून देण्यास कोकणातील जुन्या घरांत सापडणारे एक भांडे फार उपयोगी पडते, ते म्हणजे वसुदेवाचा पेला. पेल्यात टोपलीतील बाळकृष्णाला घेऊन वसुदेव उभा असतो. पाणी ओतत गेले की ते चढत चढत कृष्णाच्या पायाला लागते आणि लागताच सारा पेला खालून रिकामा होतो. कृष्णाच्या पायाच्या उंचीवर मूर्तीच्या आत नळीचे वाकण असते, हे त्यातील मर्म. असा पेला घरी असलेले एखादे मूल वर्गात निघतेच. न निघाल्यास पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला घेऊन त्याच्या तळाला भोक पाडावे. सरबत पिण्याची वाकणारी नळी उलट्या आकड्यासारखी वाकवून तिचे आखूड टोक आत तळाजवळ व लांब टोक भोकातून बाहेर काढावे आणि भोक मेणाने बुजवावे. पाणी ओतताना धार फार बारीक नसावी. पाणी वाकणाच्या वर गेले की नळी वाहू लागते आणि आतले टोक उघडे पडेपर्यंत थांबत नाही. मग पेला पुन्हा भरेपर्यंत स्वस्थता.

टेकडीच्या पोटात अशीच एखादी पोकळी असेल, पाऊस झिरपून ती सावकाश भरत असेल आणि वाकणापर्यंत भरली की वाहत असेल, तर गंगेचे वागणे उलगडते. हे अनुमान आहे, टेकडी फोडून कोणी ती नळी पाहिलेली नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. चाणाक्ष मूल लगेच विचारील : पेला दर वेळी सारख्याच पाण्याने भरतो, मग गंगा दर वेळी सारख्याच अंतराने का येत नाही? हा प्रश्न उत्तम आहे. पाऊस दर वर्षी सारखा पडत नाही, भेगा गाळाने बुजतात किंवा मोकळ्या होतात, आसपास खोदाई झाल्यास पाण्याची वाट बदलते. अशी कारणे सुचविता येतील. पण त्यांपैकी कोणते लागू पडते हे ठरविण्यास तारखा लागतात. गंगा कोणत्या दिवशी आली, किती दिवस राहिली, त्या व मागील वर्षी पाऊस किती झाला, हे ओळीने वर्षानुवर्षे लिहिलेले असले तरच काही सांगता येईल. वर्तमानपत्रांत बातम्या येतात व रद्दीत जातात. शाळेची नोंदवही मात्र शिक्षक बदलला तरी शाळेतच राहते.

जांभा

गंगेच्या आवारातून खाली उतरताना मुलांना पायाखालचा दगड पाहावयास सांगावे. तांबूस, छिद्रांचा, विटेसारखा दिसणारा हा जांभा. काळा कातळ ऊन-पावसाने युगानुयुगे कुजून तो झाला; त्यातील इतर द्रव्ये वाहून गेली व लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. जांभ्याच्या छिद्रांतून पावसाचे पाणी झपाट्याने उतरते. म्हणूनच जूनपासून सप्टेंबरपर्यंत न्हालेला सडा मार्चमध्ये उजाड दिसतो. घराच्या भिंतीचे चिरे याच दगडाचे. याच सड्यांवर बारसू, देवाचे गोठणे व कशेळी येथे माणसांच्या, प्राण्यांच्या व अनाकलनीय चौकटींच्या मोठमोठ्या आकृती कोरलेल्या आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती विशेष प्रसिद्ध आहे. कोकणातील ही कातळशिल्पे काही हजार वर्षांपूर्वीची असावीत असे अभ्यासकांचे मत असून, २०२२ मध्ये त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. एका दिवसात ती सारी पाहणे होणार नाही. जी शाळा ज्या सड्याजवळ आहे तिने तो सडा घ्यावा. शिल्पांत चुना किंवा खडू भरून छायाचित्र काढण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये.

वखार

दुपारनंतर शहरात यावे. राजापूर हे अर्जुना नदीच्या काठचे बंदर होते. जैतापूरच्या मुखातून शिरलेली गलबते खाडीने वर येत आणि येथून माल अणुस्कुरा घाटाने देशावर जाई. पुढे खाडी गाळाने भरत गेली व बंदर मागे पडले. नकाशावर जैतापूर, राजापूर, अणुस्कुरा आणि पन्हाळा ही चार नावे एका रेषेने जोडून दाखवावीत. पुढील इतिहास त्या रेषेवरच घडला.

येथे १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली. 'शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली' हे वाक्य मुलांना पाठ असते. पण का, असे विचारल्यास 'इंग्रज शत्रू होते म्हणून' असे उत्तर येते. १६६० मध्ये इंग्रज हे राज्यकर्ते नव्हते, ते व्यापारी होते, हे प्रथम सांगावे. त्या वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा काही सहकाऱ्यांसह दारूगोळा घेऊन तेथे गेला आणि त्यांनी इंग्रजांचे निशाण लावून गडावर तोफगोळे टाकले. जुलै १६६० मध्ये महाराज वेढ्यातून निसटले. बाजीप्रभूंची कथा प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याच वेढ्यात आपल्या राजापूरचे व्यापारी शत्रूच्या बाजूस उभे होते, हे ठाऊक नसते. मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरावर चाल केली, वखार खणून काढली व इंग्रजांना कैद केले. रेव्हिंग्टनला आजारपणामुळे आधी सोडण्यात आले. उरलेले १६६३ च्या प्रारंभी सुटले.

येथे तिसऱ्या रकान्याचे मोल दाखविता येते. कैदेतील इंग्रजांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे सुटकेसाठी लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी उत्तरादाखल त्यांनाच दोष दिला. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना तुम्ही पकडले गेला नाहीत, निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकलेत म्हणून पकडले गेलात, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या पक्षाच्या बखरीने महाराजांची बाजू घेतली तर ते अपेक्षितच असते. विरुद्ध पक्षाच्या खाजगी पत्रातून तीच गोष्ट निघाली तर तिचे वजन वाढते. साक्षीदार कोण, तो कोणाशी बोलत होता व खोटे बोलण्यात त्याचा काय लाभ होता, हे तीन प्रश्न पाचवीच्या मुलालाही झेपतात. पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, तेव्हा राजापूरच्या नुकसानीची भरपाई हा बोलण्यांतील एक मुख्य विषय होता.

वखारीच्या जागी मुलांना भव्य असे काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. नाही तर त्यांची निराशा होते. पडके अवशेष 'पाहिले'मध्ये जातील, 'ही वखार' हे वाक्य 'ऐकले'मध्ये, आणि १६६१ ची हकीकत 'लिहिलेले आढळले'मध्ये. पडक्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नये.

धूतपापेश्वराचे देवालय शहरापासून जवळ, गर्द झाडीत आहे. वेळ उरल्यासच तेथे न्यावे. मृडानीचा प्रवाह तेथे कातळावरून उडी घेतो. पाप धुणारा तो धूतपाप, असा नावाचा अर्थ. सकाळच्या ऊन झऱ्यानंतर या थंड पाण्यात तापमापक बुडविला म्हणजे दिवसाची नोंद पुरी होते.

सहलीचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. पावसाळ्यात अर्जुनेला पूर येऊन शहराच्या बाजारपेठेत पाणी शिरते व जांभ्यावर शेवाळ धरते; त्या दिवसांत मुलांना नेऊ नये. तीस मुलांमागे निदान दोन शिक्षक असावेत.

परत आल्यावर तिन्ही रकान्यांतील नोंदी एका जाड वहीत सुवाच्य अक्षरात उतरून घ्याव्यात. पहिल्या पानावर झऱ्याची उष्णता, धार, दिनांक, वेळ व मापे घेणाऱ्या मुलांची इयत्ता असावी. त्यापुढील पाने गंगेसाठी राखून ठेवावीत व त्यांवर असे स्तंभ आखावेत : पाणी आल्याचा दिनांक, कोणी प्रथम पाहिले, कोणती कुंडे भरली, पाणी गेल्याचा दिनांक, त्या वर्षीचा व आधीच्या वर्षीचा पाऊस. तालुक्याच्या पावसाचे आकडे तहसील कार्यालयात मिळतात. शाळेस सुटी असताना गंगा आल्यास नोंद कोणी करावयाची, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवावे आणि वही बदलीच्या वेळी दप्तराच्या यादीत लिहून नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.